समजा, एक्स मानू

नेर गावात आमच्या घराच्या समोरच्या खोलीत मी दहावीच्या गणिताची ट्यूशन घेते. एक सतरंजी, एक फळा आणि भिंतीला टेकून बसणारे पोट्टे-पोट्ट्या, एवढाच थाट. पोट्टे वर्गमुळाला भीत नाहीत, आलेखाला भीत नाहीत, पण शाब्दिक उदाहरण आलं की सगळ्यांना एकदम तहान लागते. मी म्हणते, अरे, मराठीतच लिहिलंय, वाचा. ते वाचतात. वाचून झालं की माझ्या तोंडाकडे पाहतात आणि विचारतात, “मॅडम, याच्यात करायचं काय?”

तर हे सांगायचं कारण म्हणजे माझी आजवरची सगळ्यात कठीण विद्यार्थिनी. ती पोट्टी नव्हती, माझी सासू होती.

आमच्याकडे सासूला आत्याबाई म्हणतात, सासऱ्यांना मामाजी. आत्याबाई साठीला टेकलेल्या. लग्नाच्या वेळेस दहावी नापास होत्या, एकट्या गणितात. बघायला आलेल्या मंडळींनी सांगितलं, काही हरकत नाही, तुमची पोरगी ते आमची पोरगी, ऑक्टोबरच्या परीक्षेला बसवू. आत्याबाईंच्या वडिलांनी ते मानलं, आत्याबाईंनीही मानलं. त्यानंतर ऑक्टोबर दरवर्षी आला. आत्याबाई काही बसल्या नाहीत.

मामाजी बसस्टँडवर कंट्रोलर होते. भोंग्यावरून गाड्या पुकारण्यात त्यांची हयात गेली. रिटायर झाले, भोंगा तिकडेच राहिला, आवाज मात्र घरी आला. ‘भाजीत मीठ कमी आहे’ हे वाक्यसुद्धा ते असं म्हणतात की आपण पिशवी उचलून फलाटाकडे पळावं. माणूस वाईट नाही. सकाळचा चहा स्वतः करतात, सगळ्यांना नेऊन देतात. पण आत्याबाईंनी कशावरही मत दिलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं: “गणितात फेल झालेल्या मानसानं हिशोबात बोलू नये.” आणि त्यांच्या मते सगळंच हिशोबात बसायचं. तूर केव्हा काढायची, टाकी किती वेळात भरते, माझ्या पोरीचं नाव काय ठेवायचं, सगळं. ‘फेल’ हा शब्द आमच्या घरात मीठ-मिरचीसारखा वापरात होता आणि आत्याबाईंनी त्याचं कधी वाईट मानलेलं मी तरी पाहिलं नव्हतं.

एका दुपारी ट्यूशन चालू होती. मी फळ्यावर टाकीचं उदाहरण लिहिलेलं, दोन नळ, एक भरतो, एक रिकामी करतो. आत्याबाई दारात सुपात डाळ घेऊन निवडत बसल्या होत्या. त्या मधूनच म्हणाल्या, “तो दुसरा नळ पयले बंद करा न बाई, पानी काहून वाया घालून राह्यले?”

पोट्टे हसले, मीही हसले. ते हसणं साधं होतं. पण ओसरीवरून मामाजींचा आवाज आला, “विद्यार्थ्यांनी लक्ष द्यावे. बोलनारी व्यक्ती गणितात फेल हाय.”

आता पोट्टे जे हसले ते वेगळं हसले. माझं डोकंच भणकलं. मी डस्टर फळ्यावर आपटून त्यांना गप्प केलं, पण तोवर आत्याबाईंनी सूप खाली ठेवलं होतं.

“मी यंदा पेपर देतो,” त्या म्हणाल्या. आमच्याकडे बायाही ‘देतो’, ‘जातो’च म्हणतात.

“कायचा पेपर?” मामाजी ओसरीवरून.

“दहावीचा.”

“अन् फेल झाली त?”

“फेल झाली त मरेलोक म्हना फेल. मी हूं का चूं करनार नाई. पन पास झाली, त तो शब्द या घरात पुन्हा काढाचा नाई. मंजूर हाय का?”

“मंजूर,” मामाजींनी पुकारलं. अख्ख्या गल्लीने ऐकलं. समोरच्या घरातली बाई तर वाट्या पुसता पुसता बाहेर येऊन उभी राहिली. म्हणजे आता माघार नव्हती, आणि निकाल गल्लीत लागणार होता.

इतक्या जुन्या नापाशीला काही किंमत नसते, सगळेच विषय नव्याने द्यावे लागतात. पण बाकीच्या विषयांची मला चिंता नव्हती. मराठी त्या आवडीने वाचायच्या, इतिहासाशी भांडायच्या आणि भूमितीची प्रमेयं त्यांनी पोथीसारखी पाठ करून टाकली. घोडं अडलं ते बीजगणितात, आणि तेही पहिल्याच ओळीवर.

दुपारची जेवणं आटोपली की आम्ही बसायचो. मी पहिलं उदाहरण वाचलं. वडिलांचे वय मुलाच्या वयाच्या तिप्पट आहे. पाच वर्षांनंतर दोघांच्या वयांची बेरीज पन्नास होईल. तर दोघांची आजची वये काढा.

“पोरगं चवदाचं असन,” आत्याबाई म्हणाल्या. “समोरच्या बाईचं हाय तेवढं.”

“अंदाजाचे मार्क नाहीत मिळत, आत्याबाई. लिहा. समजा, मुलाचे आजचे वय एक्स मानू.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “कायले मानू?”

“कारण आपल्याला माहीत नाही ना.”

“माहीत नाई त त्याच्या मायले इचारा. माय कुठं हाय याच्यात?”

“आई नाही उदाहरणात.”

“मेली?”

“नाही वो! आहे, घरी आहे, पण तिचं वय विचारलेलं नाही. तुम्ही एक्स माना.”

“मी नाई मानत,” आत्याबाई म्हणाल्या. “मानाचं त देवाले मानाव, नाईत मोठ्या मानसाले. हा एक्स कोन लागून गेला?”

मी समजावलं की ‘मानू’ म्हणजे तसं नाही, म्हणजे उत्तर येईपर्यंत तात्पुरतं गृहीत धरायचं. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी मी ओरडले. मी ओरडते, माझा तो स्वभाव आहे, पोट्ट्यांच्या आयांना ठाऊक आहे. म्हटलं, “आत्याबाई, अख्खा महाराष्ट्र मानतो, तुम्हाला काय धाड भरली?”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. साध्या आवाजात म्हणाल्या, “या घरात पाय टाकला तवापासून मानूनच त राह्यली न मी. यायनं म्हनलं ऑक्टोबरले बसवू, मानलं. पुढच्या ऑक्टोबरले म्हनले, मानलं. मंग म्हनले, तू फेलच हाय, तेबी मानलं. आता पुस्तकबी म्हनते मान. मले त्या शब्दाचा कंटाळा आला, बाई.”

मी पुस्तक मिटलं आणि आज पुरे म्हटलं. आत जाऊन उगाच धुतलेली भांडी पुन्हा धुतली.

नंतर काही दिवस आम्ही नुसती समीकरणं सोडवली, शब्दांशिवाय. ती त्यांना यायला लागली. इकडचं तिकडे नेताना चिन्ह बदलतं, हे त्यांनी लगेच घेतलं. म्हणाल्या, सासरी आल्यावर बाईचं नाव बदलते तसं. पण परीक्षेत शाब्दिक उदाहरणाशिवाय पास होण्याची आशा मला वाटत नव्हती, आणि त्या तर पहिली ओळच लिहायला तयार नव्हत्या.

मग उमरखेडची मंडळी आली. आत्याबाईंचं माहेर उमरखेडचं. तिकडून भाऊ-भावजया, पोरं-सोरं, सगळे अमरावतीकडे लग्नाला निघालेले आणि वाटेत आमच्याकडे जेवायला थांबणार होते. सकाळी फोन आला, “आम्ही सगळे येऊन राह्यलो,” आणि गाडीच्या आवाजात कट झाला. सगळे म्हणजे किती, ते कळलं नाही. परत लावला तर लागेना. मामाजींनी गाडी नेरला केव्हा पोचणार ते पुकारून सांगितलं. माणसं किती ते त्यांनाही माहीत नव्हतं.

मी परातीत कणीक घेऊन बसले. “आत्याबाई, किती पोळ्या करू?”

त्या कांदा चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “जेवढे येतीन तेवढ्याच्या दुप्पट अन् वर चार, असं धर.”

माझ्या हातातलं पाणी परातीत पडलं, जरा जास्तच पडलं. “काय म्हणालात?”

“मानशी दोन धर अन् वर चार. कनीक पातळ झाली न बाई, ध्यान कुठं हाय तुयं?”

“आत्याबाई, हेच! हेच तर आहे ते! जेवढे येतील तेवढे म्हणजे एक्स. दुप्पट आणि वर चार!”

“हे गनित नाई होय,” आत्याबाई म्हणाल्या. “हे पोळ्या होय.”

“अहो, पण किती माणसं येतात ते तुम्हाला माहीत नाही ना?”

“नाई.”

“तरी तुम्ही धरलीत ना?”

त्यांचा विळीवरचा हात थांबला. “धरली त,” त्या म्हणाल्या. “धरल्याबिगर स्वयपाक कसा होईन?”

मंडळी आली, जेवली आणि पोळ्या कमी पडल्या. त्यातल्या एका जावयाने एकट्याने सहा खाल्ल्या. मी पुन्हा तवा चढवला. आत्याबाई वाढता वाढता माझ्या कानाशी आल्या आणि म्हणाल्या, “जावयाचा एक्स अलग धराले पायजे होता.” मला इतकं हसू आलं की पोळी करपली.

त्या दिवसापासून गाडी रुळावर आली. फक्त एक अट होती. त्या ‘मानू’ लिहिणार नव्हत्या, ‘धरू’ लिहिणार होत्या. समजा, मुलाचे आजचे वय एक्स धरू. मी म्हटलं, पुस्तकात मानू आहे, तपासणारा अर्धा मार्क कापेल. त्या म्हणाल्या, कापू दे. मी म्हटलं, त्या अर्ध्या मार्काने नापास झालात तर? त्या म्हणाल्या, “झाली त झाली. पन नाई मानत म्हनजे नाई मानत.” बाई हट्टाला पेटली की कोणाच्या बापाचं ऐकत नाही. मी कपाळावर हात मारला.

वडील-मुलाचं उदाहरण त्यांनी सोडवलं. मुलगा दहा, वडील तीस. त्यांनी बराच वेळ ते उत्तर न्याहाळलं.

“चुकलं,” त्या म्हणाल्या.

“बरोबर आहे की. पाच वर्षांनंतर पंधरा आणि पस्तीस, पन्नास झाले.”

“पोरगं झालं तवा बाप इसाचा होता. कायद्यानं लग्नाले एकवीस लागतेत.”

मी त्यांना सांगितलं की परीक्षेत हे लिहायचं नाही. त्यांना ते फारसं पटलं नाही. तसंच एक्सची किंमत आली की त्या थांबायच्या, वडिलांचं वय काढायचंच विसरायच्या. विचारलं तर म्हणायच्या, “पोराचं कळलं न? बापाचं त्यानं सोता पाहाव.” आणि मार्क जायचे. मी रोज ओरडायची, त्या रोज विसरायच्या.

थंडीत आम्ही वर्गसमीकरणावर आलो. एका मुलीच्या दोन वर्षांपूर्वीच्या वयाचा आणि तीन वर्षांनंतरच्या वयाचा गुणाकार चौऱ्याऐंशी आहे. त्यातून दोन उत्तरं निघतात, नऊ आणि उणे दहा. मी लिहून दाखवलं: परंतु वय ऋण नसते, म्हणून एक्स बरोबर उणे दहा हे अग्राह्य.

“म्हनजे?”

“म्हणजे हे उत्तर घ्यायचं नाही. सोडून द्यायचं.”

“गनितातून निघालं तरी?”

“निघालं तरी. शोभत नाही ना ते.”

“अन् असं लेहलं त चालते? मार्क भेटते?”

“एक मार्क त्याचाच आहे.”

आत्याबाईंनी तो शब्द दोनदा मोठ्याने वाचला. अग्राह्य. मग वहीत लिहिला आणि खाली रेघ मारली. मला वाटलं, बरं झालं, एक मार्क पक्का झाला. पण तो शब्द वहीत राहिला नाही.

संध्याकाळी मामाजी म्हणाले, उद्या त्यांचे बसस्टँडवरचे दोस्त जेवायला येणार, पुरणपोळी कर. आत्याबाई म्हणाल्या, “अग्राह्य.”

“काय?”

“उद्या मले सराव परीक्षा हाय. पुरनपोळी अग्राह्य. वरन-भात भेटीन.”

मामाजी माझ्याकडे बघायला लागले. मी फळा पुसायला निघून गेले. मग तो शब्द घरभर झाला. टीव्हीचा आवाज अग्राह्य, दुपारी झोपमोड अग्राह्य, ‘माहे चष्मे कुठं ठेवले’ हा प्रश्न अग्राह्य. भांडण झालं असतं तर मामाजी आवाजावर जिंकले असते, पण हा शब्द पुस्तकातला होता. एक दिवस त्यांनी मला बाजूला घेऊन त्यांच्या मानाने हळू आवाजात विचारलं, “हे बोर्डाच्या परीक्षेत येतेच का?” मी म्हटलं, येतंच. ते गंभीर झाले.

मार्चमध्ये बीजगणिताचा पेपर झाला. आत्याबाई नवी कोरी कंपास घेऊन निघाल्या. मामाजी मोटरसायकलवर सोडायला गेले, आणि फाटकाशी ‘ऑल द बेस्ट’ असं म्हणाले की आतल्या पोट्ट्यांनी माना वळवल्या. मी घरी होते आणि मला काही सुचत नव्हतं. माझे इतके पोट्टे बसतात दरवर्षी, मी कधी कोणासाठी घड्याळ पाहत बसले नाही. त्या दिवशी बसले.

दुपारी आल्या. चप्पल काढता काढता म्हणाल्या, “पोळ्याचं गनित आलतं.”

“म्हणजे?”

“आईचं वय पोरीच्या वयाच्या दुप्पट अन् वर चार. दोघीचं मिळून चौसष्ट. आईबी होती वो या वक्ती.”

मी मनात करून पाहिलं. “किती आलं?”

“पोरगी वीस.”

“आणि आई? आईचं काढलंत ना?”

“तिचं कसं इसरीन?” त्या म्हणाल्या. “चव्वेचाळीस. चोविसाव्या वर्षी झाली पोरगी. कायद्यात बसते.”

“आणि पहिली ओळ? काय लिहिलंत, मानू का धरू?”

त्या पाणी प्यायल्या. “धरू,” म्हणाल्या. मी त्यांच्यावर ओरडले. खूप ओरडले. मग दोघी चहा प्यायलो.

निकालाच्या दिवशी दुपारी आम्ही सगळे ओसरीवर. उन्हं जीव घेत होती, कूलर घुरघुरत होता. फोन माझ्या हातात होता, पण मी बैठक क्रमांक दोनदा चुकीचा टाकला. मामाजींनी फोन काढून घेतला. म्हणाले, पुकारायचं काम माझं आहे. समोरची बाई वाट्या न घेताच दारात येऊन उभी होती. आत्याबाई पायरीवर बसल्या होत्या आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या.

“मराठी,” मामाजींनी पुकारलं, “एकाहत्तर. हिंदी, अठ्ठावन्न. इतिहास-भूगोल, त्रेसष्ट.” विज्ञान झालं, इंग्रजी कसंबसं झालं. “गनित…”

आणि थांबले. चष्मा वर केला, फोन लांब धरला, जवळ धरला. मी त्यांच्या तोंडाकडे पाहत होते आणि मला त्यात काही दिसत नव्हतं. त्या एका क्षणात मी तपासणाऱ्याला, त्या अर्ध्या मार्काला आणि ‘धरू’ या शब्दाला मनातल्या मनात इतक्या शिव्या दिल्या की विचारू नका.

“अडतीस,” मामाजी म्हणाले. हा आवाज बसस्टँडवरचा नव्हता. “पास हाय.”

मी आत्याबाईंना मिठी मारली आणि रडले. त्या रडल्या नाहीत. पदर बोटाचा सोडून त्यांनी नीट खांद्यावर घेतला.

मामाजींना अजून काहीतरी बोलायचं होतं. जुनी सवय ती. “काठावर हाय पन,” ते म्हणाले.

“अग्राह्य हाय का?” आत्याबाईंनी विचारलं.

“नाई. ग्राह्य हाय.”

“मंग?”

मामाजी फोनकडे पाहत राहिले. “मंग काय. नाई म्हनत आता फेल.” त्यांनी चष्मा काढून खिशात टाकला. “हुशार हाय तू. मानू तुले.”

मला वाटलं, संपलं, झालं मनासारखं. पण आत्याबाईंनी मान हलवली.

“मानू नाई,” त्या म्हणाल्या. “मानू त पयल्या ओळीत लेहतेत, उत्तर मालूम नसते तवा. आता उत्तर आलं. तपासूनबी झालं.”

मामाजींनी फोन खाली ठेवला. त्यांनी आत्याबाईंकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं, चष्मा न लावता.

“मानलं,” ते म्हणाले.

“आयकू नाई आलं,” आत्याबाई म्हणाल्या.

मग मामाजी उठले, ओसरीच्या कडेला उभे राहिले आणि बसस्टँडच्या आवाजात, गल्लीच्या पार टोकापर्यंत ऐकू जाईल असं, पुन्हा एकदा म्हणाले.